आडनावाची वहिवाट

इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात काही जनुकशास्त्रज्ञ ब्रिटिश पुरुषांचे डीएनए नमुने तपासत होते. त्यातला एक नमुना ज्याचा होता, तो माणूस दिसायला चारचौघा इंग्रजांसारखा गोरा. आपल्या घराण्यात इंग्लंडबाहेरचं कुणी होतं, असं त्याने कधी ऐकलेलं नव्हतं. त्याच्या वाय गुणसूत्राचा प्रकार मात्र भलताच निघाला. शास्त्रज्ञांच्या भाषेत त्याचं नाव ए-१. हा प्रकार पश्चिम आफ्रिकेतल्या पुरुषांत सापडतो आणि तिथेही मोजक्याच जणांत.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला मिळतं. आईचा त्यात काही वाटा नसतो. बापाला जे आजोबांकडून मिळालं तेच, फार तर एखाद्या बारीक फरकाने, पुढे जातं. म्हणजे या माणसाच्या बापाचा बाप, त्याचा बाप असं मागे मागे गेलं, तर कुठेतरी एक आफ्रिकी पुरुष उभा होता. तो कधी आला आणि यांच्या घरात कसा शिरला?

शोधाचा धागा होता त्या माणसाचं आडनाव. इंग्लंडमध्ये आडनावही बहुतेक वेळा बापाकडूनच येतं, त्यामुळे आडनाव आणि वाय गुणसूत्र हे एकाच वाटेने चालणारे दोन प्रवासी आहेत असं समजायला हरकत नसते. या माणसाचं आडनाव दुर्मीळ होतं आणि त्याचं मूळ ईस्ट यॉर्कशरमध्ये होतं. संशोधकांनी तेच आडनाव लावणारे आणखी पुरुष शोधले, त्यांचे नमुने घेतले. तपासलेल्या १८ जणांपैकी ७ जणांत तेच आफ्रिकी गुणसूत्र मिळालं. मग जन्म-मृत्यूच्या नोंदी चाळून वंशावळी जोडल्या गेल्या. हे सातजण दोन घराण्यांत बसले आणि दोन्ही घराणी अठराव्या शतकातल्या यॉर्कशरपर्यंत मागे गेली. ट्युरी किंग, मार्क जॉबलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा शोधनिबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. 'यॉर्कशरमध्ये आफ्रिकी?' असा प्रश्नच त्याच्या शीर्षकात होता.

त्या निबंधात आडनाव छापलेलं नव्हतं. आडनाव 'स्मिथ' असतं, तर छापून कुणाचं काही बिघडलं नसतं. ब्रिटनमध्ये पाच लाखांहून जास्त लोक स्मिथ आहेत. पण ज्या आडनावाची माणसं थोडकी, ते आडनाव छापणं म्हणजे त्या प्रत्येकाच्या आजीपणजीच्या संसाराबद्दल चारचौघांत काहीतरी बोलणं. नमुना एकाने दिलेला असतो आणि दारं सगळ्या भाऊबंदांच्या घरांची उघडतात. पुढे हे आडनाव बातम्यांमध्ये आलं, तरी मी ते इथे लिहीत नाही. या लेखाला त्याची गरजही नाही.



आडनावं आली कुठून, हे आधी पाहू. १०६६ साली नॉर्मन सरदारांनी इंग्लंड जिंकलं आणि वंशपरंपरेने चालणाऱ्या आडनावांची रीत त्यांच्याबरोबर आली. आधी जमीनदारांनी ती उचलली, मग शहरातल्या लोकांनी, मग शेतकऱ्यांनी. साधारण १४०० सालापर्यंत बहुतेक इंग्रज घराण्यांना आडनाव चिकटलं होतं. कुणाचं धंद्यावरून, कुणाचं बापाच्या नावावरून, कुणाचं टोपणनावावरून आणि पुष्कळांचं गावावरून.

गावावरून पडलेल्या आडनावात एक गंमत आहे. नॉटिंगहॅमजवळ ॲटनबरो नावाचं गाव आहे. त्या गावात राहणाऱ्या माणसाला 'ॲटनबरो' म्हणून काय उपयोग? तिथे सगळेच ॲटनबरोचे. गाव सोडून दुसरीकडे गेल्यावरच माणसाला गावाचं नाव लागतं. आपल्याकडचे 'कर' लावणारे हे सहज समजतील: सातारकर हे नाव साताऱ्याबाहेर पडल्यावरच कामाचं. म्हणजे ज्या नावाकडे आपण मुळांचा पुरावा म्हणून बघतो, ते मुळात स्थलांतराची खूण असतं. 'हा इथला नव्हे' असं शेजाऱ्यांनी एकदा म्हटलेलं आणि मग पिढ्यानपिढ्या म्हणत राहिलेलं.

असं नाव एकाच माणसाला पडलं असेल, तर आज ते लावणारे सगळे त्याचे वंशज असायला हवेत. लोहारावरून पडलेलं स्मिथ गावोगाव वेगवेगळ्या लोहारांना पडलं, त्यामुळे दोन स्मिथ एकमेकांचे कुणी लागतील असं नाही. लेस्टरच्याच चमूने २००६ मध्ये एकच आडनाव असलेल्या, पण एकमेकांना नातेवाईक म्हणून न ओळखणाऱ्या पुरुषांच्या १५० जोड्या तपासल्या. जवळपास पाव जोड्यांमध्ये समान पूर्वजाच्या खुणा होत्या आणि आडनाव जितकं दुर्मीळ, तितकी ही शक्यता वाढत होती. ॲटनबरोंमध्ये तर बहुतेकांचं वाय गुणसूत्र एकाच प्रकारचं निघालं.

दुर्मीळ आडनावाचा अभिमान वाटणं यातूनच येतं. आपण थोडे, म्हणून आपण एकाचे. आपण टिकलो, म्हणजे आपल्यात काहीतरी होतं.

हा दुसरा समज एका गणिताने मोडून काढलेला आहे. १८७३ साली फ्रान्सिस गॉल्टनने एक कोडं जाहीरपणे विचारलं. नामांकित घराण्यांची आडनावं नाहीशी का होतात? हा तोच गॉल्टन, ज्याने पुढे 'चांगल्या वंशाची' माणसं वाढवण्याच्या विचाराला युजेनिक्स हे नाव दिलं. हेन्री वॉटसन नावाच्या गणिती पाद्र्याने कोडं सोडवायला घेतलं आणि १८७४ मध्ये दोघांनी मिळून निबंध लिहिला. वॉटसनचं उत्तर पुरतं बरोबर नव्हतं, ते पुढच्या शतकात दुरुस्त झालं. पण मुख्य गोष्ट उघड झाली होती. कुणाला तीन मुलगे होतात, कुणाला एकही नाही. ज्याला फक्त मुली झाल्या, त्याचं रक्त पुढे जातं आणि आडनाव थांबतं. असं दहा-पंधरा पिढ्या चाललं की पुष्कळ आडनावं केवळ योगायोगाने विझतात आणि काही तशाच योगायोगाने पसरतात. त्यासाठी कुणी श्रेष्ठ किंवा नालायक असावं लागत नाही. मुलगे किती झाले, एवढाच हिशोब.



आता त्या अठरा जणांकडे परत येऊ. सातांचं गुणसूत्र आफ्रिकी, उरलेल्या अकरांचं नाही. आडनाव एकच, बापांची साखळी मात्र एक नाही. म्हणजे हे दोन प्रवासी कुठेतरी एकमेकांपासून सुटले होते. आडनाव एका वाटेने आलं, गुणसूत्र दुसऱ्या वाटेने, आणि यॉर्कशरमध्ये कुठल्याशा घरात त्यांची गाठ पडली.

अशी गाठ पडायचे मार्ग मोजकेच आहेत. लग्नाशिवाय झालेल्या मुलाला इंग्लंडमध्ये सहसा आईचं आडनाव लागायचं. अठराव्या शतकात अशा आईला पॅरिशचे अधिकारी बापाचं नाव विचारत; पोराच्या पोटाचा खर्च गावावर पडू नये, ही त्यांची काळजी. किंवा बाई लग्नाची असेल आणि मुलगा नवऱ्याच्या नावावर वाढला असेल. किंवा खुद्द एखाद्या आफ्रिकी माणसाने ते आडनाव घेतलं असेल, किंवा त्याला ते दिलं गेलं असेल. यातल्या कशात प्रेम असेल, कशात जबरदस्ती. वंशावळीच्या तक्त्यावर दोन्हींसाठी एकच सरळ रेघ असते.

आफ्रिकी माणूस यॉर्कशरच्या आसपास असण्यात मात्र नवल नाही. रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस आजच्या लिबियातल्या लेप्टिस मॅग्ना या गावी जन्मला आणि २११ साली मेला तो यॉर्कमध्ये. तिसऱ्या शतकात हेड्रियनच्या भिंतीवर उत्तर आफ्रिकेतल्या मूर सैनिकांची तुकडी तैनात होती. सातव्या आणि आठव्या हेन्रीच्या दरबारात जॉन ब्लँक नावाचा कृष्णवर्णीय तुतारीवाला होता. १५११ सालच्या एका चित्रपटावर तो घोड्यावर बसलेला दिसतो. 'ब्लँक' म्हणजे पांढरा, तेव्हा ते आडनाव बहुधा कुणीतरी केलेली थट्टा असावी. पुढे गुलामांच्या व्यापाराच्या काळात आफ्रिकी नोकर-चाकर, खलाशी, मुलं इंग्रजी घरांत आणि बंदरांत दिसू लागली.



आता मुख्य प्रश्न. त्या सात जणांचं काय बदललं?

एक उत्तर तयार असतं: सगळंच बदललं. ते मुळात इंग्रज नव्हतेच, आडनाव त्यांचं नव्हतं, ते चुकून त्यांच्याकडे आलं. दुसरं उत्तरही तयार असतं: काहीच बदललं नाही, गुणसूत्राला कसला अर्थ, सोडून द्या.

पहिलं उत्तर साध्या गुणाकारातच अडखळतं. आईबाप दोन, आजी-आजोबा चार, असं दहा पिढ्या मागे गेलं की १,०२४ जागा होतात. काही जागांवर एकच माणूस दोनदा बसलेला असेल, तरी शेकडो माणसं झाली. आडनाव त्यातल्या एकाकडेच बोट दाखवतं. वाय गुणसूत्रही एकाचंच. त्या आफ्रिकी पूर्वजाखेरीज बाकीचे सगळे यॉर्कशरचे शेतमजूर, विणकर, मेंढपाळ असू शकतात आणि ते त्या सातांचे तितकेच पूर्वज आहेत. उलट, उरलेल्या अकरांच्या आईकडच्या कुठल्या तरी फांदीवर कोण बसलंय, हे वाय गुणसूत्र कधीच सांगणार नाही. शास्त्रज्ञांनी एकच खिडकी उघडली होती. घराला हजार होत्या.

बापाच्या साखळीवर किती विसंबावं, याचा एक धडा याच लेस्टर शहराने पुढे दिला. २०१२ मध्ये तिथल्या एका वाहनतळाखाली एक सांगाडा सापडला. १४८५ च्या लढाईत मारला गेलेला राजा तिसरा रिचर्ड हाच असावा, असा अंदाज होता. तपासणी पुन्हा ट्युरी किंग यांच्या चमूकडे आली. बापांच्या साखळीने राजाशी जोडलेले, सरदार घराण्याचे पाच जिवंत पुरुष कागदोपत्री मिळाले. त्यांतल्या एकाचंही वाय गुणसूत्र राजाशी जुळलं नाही. पाचांतला एक तर बाकीच्या चौघांशीही जुळला नाही. राजांच्या आणि सरदारांच्या काळजीपूर्वक जपलेल्या वंशावळीत बापांची साखळी किमान दोन ठिकाणी तुटलेली होती. रिचर्डची ओळख पटवण्यात ज्याचा मोठा वाटा होता, तो डीएनए आईकडून मुलीला, तिच्याकडून तिच्या मुलीला असा राजाच्या बहिणीपासून पाचशे वर्षं चालत आला होता. त्या बायकांची आडनावं प्रत्येक लग्नात बदलली. आडनाव लावून बसलेल्यांकडे खूण राहिली नाही आणि आडनाव सोडत गेलेल्यांकडे ती राहिली.

तेव्हा आडनाव म्हणजे रक्ताचा दाखला, हे राजालाही लागू पडलं नाही. यॉर्कशरच्या सातांना तेवढंच लावून त्यांचं आडनाव काढून घेण्यात न्याय नाही.

पण दुसरं उत्तर, 'कसला अर्थ, सोडून द्या', तेही मला पटत नाही. कारण तिथे एक माणूस होता. त्याचं नाव कुठल्या नोंदवहीत या घराण्यापुढे लिहिलेलं नाही. कदाचित त्याच्या मुलाच्या आईने ते मुद्दाम लपवलं असेल, कदाचित तिला कुणी विचारलंच नसेल. अडीचशे-तीनशे वर्षं तो माणूस या घराच्या गोष्टीत नव्हता आणि आता आहे. ही बातमी सात जणांच्या 'खऱ्या' स्वरूपाबद्दल फारसं सांगत नाही. त्यांच्या देशाच्या आठवणीबद्दल पुष्कळ सांगते. आपल्याकडे कोण होतं आणि कुणाला आपण मोजलं नाही, हे कळणं हे जिवंतांच्या अभिमानासाठी नसलं, तरी मेलेल्यांचं तेवढं देणं लागतंच.



मग सातांचा त्या आडनावावर हक्क कशाने सिद्ध होतो? आपल्या भाषेत यासाठी एक चांगला शब्द आहे, वहिवाट. शेतातून जाणारी पायवाट कुणाच्या मालकीची, यावर कागद काहीही म्हणोत. वर्षानुवर्षं उघडपणे लोक तिथून ये-जा करत असले, की त्या चालण्यानेच हक्क तयार होतो. आडनावाचं तसंच आहे. त्या घरातल्या माणसांनी ते नाव शाळेत सांगितलं, रजिस्टरात सही करताना लिहिलं, थडग्याच्या दगडावर कोरलं. त्या नावाने हाक मारली की त्यांनी मागे वळून पाहिलं. पहिला बाप कोण होता, याने त्या चालण्यात खाडाखोड होत नाही.

इथे मला एक अडचण दिसते आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. वहिवाटीने हक्क मिळतो, हे मान्य केलं तर पहिल्या दिवसाचं काय? ज्या दिवशी पहिला माणूस त्या पायवाटेवर पाय ठेवतो, त्या दिवशी त्याच्याकडे वहिवाट नसते. त्याला कुणीतरी जाऊ द्यावं लागतं.

याच देशातलं उलटं उदाहरण बघा. कॅरिबियन बेटांवरच्या कृष्णवर्णीय लोकांची आडनावं मोठ्या प्रमाणात इंग्रजी आहेत, कारण त्यांच्या पूर्वजांना इंग्रज मळेवाल्यांनी गुलाम केलं होतं. १९४८ च्या जून महिन्यात 'एम्पायर विंडरश' हे जहाज त्या बेटांवरून शेकडो लोकांना घेऊन इंग्लंडला आलं. पुढची वीसेक वर्षं त्यांच्यासारखे हजारो आले. आले तेव्हा ते कायद्याने ब्रिटिश प्रजाजनच होते. त्यांनी बस चालवल्या, इस्पितळांत रुग्णांची सेवा केली, कर भरला. २०१८ साली उघडकीला आलं, की त्यातल्या अनेकांकडे सरकार 'तुम्ही इथले, हे कागदाने सिद्ध करा' म्हणून मागणी करत होतं. काहींच्या नोकऱ्या गेल्या, काहींना उपचार नाकारले गेले, ८० हून अधिक जणांना चुकीने देशाबाहेर काढलं गेल्याचं सरकारला मान्य करावं लागलं.

दोन माणसं शेजारी उभी करून बघा. एकाच्या अंगात पश्चिम आफ्रिकेचं गुणसूत्र आहे, पण चेहरा गोरा. त्याला आयुष्यात कुणी विचारलं नाही की तू मूळचा कुठला. दुसऱ्याचं आडनाव अस्सल इंग्रजी, चाळीस-पन्नास वर्षांची वहिवाट, पण कातडी काळी. त्याला पुरावा मागितला गेला. दोघांनाही आफ्रिकी पूर्वज आहेत, दोघांनाही इंग्रजी आडनाव आहे. यातल्या एकाला वहिवाट लाभली आणि दुसऱ्याला नाकारली गेली. हा फरक रक्ताने केला नाही, आडनावानेही केला नाही. बघणाऱ्याच्या नजरेने केला.

ही नजर विज्ञानाचं बोट धरूनही येऊ शकते. लेस्टरच्या २००६ च्या निबंधात एक सूचना होती. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या डीएनएवरून पुरुषाचं संभाव्य आडनाव काढता आलं, तर पोलिसांना मदत होईल. आता कल्पना करा, त्या सातांपैकी एकाचा नमुना पोलिसांना मिळाला आणि आडनावाच्या यादीत तो प्रकार नव्हता. गुणसूत्र आफ्रिकी म्हणून पोलीस काळ्या माणसाच्या शोधात निघाले असते. वस्तीतल्या निरपराध पोरांना थांबवून विचारपूस झाली असती, आणि ज्याला शोधायचं तो गोरा गृहस्थ शेजारून निघून गेला असता. २००७ च्या निबंधात वाय गुणसूत्रावरून माणसाचं मूळ ठिकाण ठरवण्यातले धोके स्पष्टपणे सांगितलेले आहेत, आणि ते सांगणारे हे गुणसूत्र शोधणारेच होते.

म्हणून माझं उत्तर असं: आडनाव आपल्याला पूर्वजांची शुद्धता देत नाही, फार तर त्यांचं ऋण देतं. आज जे नाव आपलं निर्विवाद वाटतं, ते कधीतरी कुणीतरी वहिवाट नसताना लावलं होतं. त्या पहिल्या दिवशी त्याला जागा मिळाली, म्हणून आपण आहोत. कधी ती जागा प्रेमाने मिळाली, कधी दुर्लक्षाने, कधी एखाद्या बाईने तोंड बंद ठेवलं म्हणून. ज्याला स्वतःला अशी जागा मिळालेली आहे, त्याने पुढच्या माणसाला पहिल्याच दिवशी कागद मागावेत, हे कुठल्या न्यायात बसतं?

आपल्याकडे नवीन माणूस भेटला की नाव सांगून झाल्यावर एक प्रश्न हमखास येतो: 'आडनाव काय?' विचारणाऱ्याला बहुतेक वेळा आडनाव नको असतं, त्याच्या मागचं काहीतरी हवं असतं. हल्ली तर लाळेचा नमुना पाठवला की तुम्ही किती टक्के कुठले, हे रंगीत गोलासकट मोबाइलवर येतं. तो गोल उघडाल तेव्हा यॉर्कशरचे ते अठराजण आठवा. पत्र आलं, तपासणी झाली, निकाल कळला. सातांचा एक निघाला, अकरांचा वेगळा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी आलेल्या पोस्टमनने अठराही जणांना त्याच आडनावाची पाकिटं दिली असतील.